बाबांचा हर्निया आणि तीन प्रकारची भूल

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असा फोन कधी ना कधी आला असेल. रविवारची सकाळ, इथे बेसिंगस्टोकमध्ये मी अजून पहिला चहा घेत होते, धुळ्यात दुपारची जेवणं उरकली होती. आई म्हणाली, "अगं, घाबरू नकोस, पण बाबांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय." आईचं "घाबरू नकोस" ऐकलं की आपण आधी घाबरतो.

बाबा ६९ वर्षांचे. उजव्या जांघेत फुगवटा होता, तो त्यांनी दोन वर्षं कुणाला सांगितला नव्हता. शुगर आहे, तरुणपणच्या बिड्यांमुळे खोकला कायमचा, आणि प्रोस्टेटमुळे रात्रीतून चार वेळा उठावं लागतं. निदान सोपं होतं: हर्निया. सर्जन म्हणाले, "पाठीत इंजेक्शन देऊ, कमरेखालचा भाग बधिर होईल, तासाभराचं काम आहे."

गंमत अशी की त्याच आठवड्यात इथल्या एका मराठी मित्रालाही हर्नियाचं निदान झालं. वय ३४, आयटीतला, जिमला जाणारा. त्याला इथे सांगितलं, "दुर्बिणीने करू, पूर्ण भूल देऊ, संध्याकाळी घरी." दोघांनीही आपापल्या डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला: हीच भूल का? आणि दोघांनाही साधारण एकच उत्तर मिळालं: आमच्याकडे असंच करतात.

पॉडकास्टमध्ये मी हा किस्सा दोन मिनिटांत गुंडाळला होता. इथे जरा सविस्तर सांगते, कारण "आमच्याकडे असंच करतात" या उत्तरामागे बरंच काही दडलेलं आहे. आधीच सांगून टाकते, मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. पीएचडी स्वीडनमध्ये केली, आता पोस्टडॉक करते, आणि माझं रोजचं काम म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे आकडे वाचणं. त्यामुळे हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. डॉक्टरांशी बोलण्याआधी करायची तयारी एवढंच समजा.

आधी आजार समजून घेऊ

पोटाची भिंत स्नायूंच्या आणि पांढऱ्या चिवट पापुद्र्यांच्या थरांची बनलेली असते. जांघेजवळ या भिंतीत एक तिरका बोगदा असतो. मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे वृषण पोटातून याच वाटेने खाली उतरतात, आणि ती जागा पुढे आयुष्यभर थोडी कच्ची राहते. वय, सततचा खोकला, कुंथणं यांमुळे तिथून पोटातलं अस्तर आणि कधी आतड्याचा भाग बाहेर डोकावतो. उभं राहिलं की फुगवटा, आडवं झालं की गायब. जुन्या मराठीत याला अंतर्गळ म्हणत.

हा आजार पुरुषांमध्ये इतका सर्रास आहे की आयुष्यभरात साधारण चारातल्या एका पुरुषाला तो होतो. स्त्रियांमध्ये प्रमाण शंभरात तीनच्या आसपास. एकट्या इंग्लंडमध्ये वर्षाला सुमारे ७० हजार ऑपरेशनं होतात, जगभरात मिळून दोन कोटींच्या घरात. म्हणजे तुमच्या घरात, काकांना, मामांना, शेजाऱ्यांना कुणाला तरी झालेलाच असणार. फक्त जांघेचा विषय असल्यामुळे कुणी बोलत नाही.

ऑपरेशनचे ढोबळ दोन प्रकार. एक, उघड पद्धत: जांघेवर साधारण बोटभर लांबीचा छेद घेऊन फुगवटा आत ढकलायचा आणि कच्च्या जागेवर प्लास्टिकच्या धाग्याची जाळी शिवायची. दुसरी, दुर्बिणीची पद्धत: तीन छोट्या भोकांतून, आत वायू भरून जागा मोकळी करून, जाळी मागच्या बाजूने बसवायची. दुर्बिणीच्या पद्धतीत आत वायूचा दाब असतो आणि स्नायू सैल लागतात, म्हणून तिथे बहुतेक वेळा पूर्ण भूलच देतात. त्यामुळे माझ्या मित्रापुरता प्रश्न तिथेच मिटला. खरी निवड असते ती उघड पद्धतीत. बाबांचं ऑपरेशन उघड पद्धतीने होणार होतं.

तीन वाटा

पहिली, पूर्ण भूल. शिरेतून औषध देतात, दहा आकडे मोजायच्या आत झोप. मग श्वासाची वाट मोकळी ठेवायला घशात मास्क किंवा श्वासनलिकेत नळी. या नळीचं आणि माझ्या गावाचं एक नातं आहे. पहिल्या महायुद्धानंतर सर हॅरोल्ड गिलीज हे सर्जन सिडकपला सैनिकांचे भाजलेले, फाटलेले चेहरे दुरुस्त करायचे. चेहऱ्यावरच काम असताना तोंडावर भुलीचा मास्क कसा ठेवणार? या अडचणीतून त्यांचे भूलतज्ज्ञ आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालण्याचं तंत्र पक्कं केलं. दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचं युनिट बेसिंगस्टोकच्या रूक्सडाउन हाउसमध्ये होतं. आज तिथे घरांची वसाहत आहे. मी कधीतरी फिरायला जाते तेव्हा वाटतं, इथल्या लोकांना पूर्ण भुलीवर इतका विश्वास आहे तो काही उगाच नाही.

पूर्ण भुलीचे फायदे: रुग्णाला काहीच कळत नाही, सर्जनला निवांत काम करता येतं. तोटे: उठल्यावर मळमळ, घसा दुखणं, म्हाताऱ्या माणसांमध्ये काही तास गोंधळलेपण, आणि फुप्फुसं आधीच कमजोर असतील तर छातीचा त्रास. "मध्येच जाग आली तर?" ही भीती अनेकांना असते. ब्रिटनमध्ये २०१४ साली याचा देशभर अभ्यास झाला. पूर्ण भुलीत जाग आल्याचं नंतर सांगणारे रुग्ण साधारण १९ हजारांत एक निघाले.

दुसरी, मणक्यातली भूल. आपल्याकडे हिलाच सगळे "पाठीत इंजेक्शन" म्हणतात. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई आत घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात थोडं औषध सोडतात. मज्जारज्जू स्वतः त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे सुई त्याला टोचायचा प्रश्न येत नाही. दहा मिनिटांत कमरेखालचं सगळं बधिर, पाय जड. माणूस जागा असतो, डॉक्टरांशी बोलतो. परिणाम दोन ते चार तास राहतो.

घरी या इंजेक्शनबद्दल दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. "जन्मभर कंबर दुखते" आणि "पाय लुळे पडतात." पहिलीला फारसा आधार नाही. सुईच्या जागी काही दिवस दुखतं, पण जुनाट कंबरदुखीचं कारण हे इंजेक्शन ठरत नाही. दुसरी भीती मोजता येते. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २००९ साली मणक्याजवळ दिलेल्या सात लाखांहून जास्त भुलींचा हिशेब मांडला. कायमची इजा झाल्याचं प्रमाण सगळ्यात वाईट धरलं तरी सुमारे २४ हजारांत एक, आणि बरं धरलं तर ५४ हजारांत एक. याचे रोजचे तोटे वेगळेच आहेत: रक्तदाब एकदम खाली येणं, क्वचित नंतर डोकेदुखी, आणि लघवी तुंबणं. हा शेवटचा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी, जागेवरची भूल. दात काढताना हिरडीत देतात तसलीच औषधं, लिग्नोकेन आणि बुपिव्हाकेन, पातळ करून जांघेतल्या थरांमध्ये सर्जन स्वतः सोडत जातो: आधी कातडी, मग चरबी, मग चिवट पापुद्र्याखाली जिथून त्या भागाच्या नसा जातात, मग हर्नियाच्या पिशवीच्या मानेशी. एक थर बधिर करायचा, तो उघडायचा, पुढचा बधिर करायचा. रुग्ण जागा असतो. काम झाल्यावर सर्जन म्हणतो, "काका, जरा खोका," आणि जाळी धरून ठेवते की नाही हे तिथल्या तिथे बघतो. मग काका स्वतःच्या पायांनी टेबलावरून उतरतात.

हे काही नवीन फॅड नाही. हार्वी कुशिंग यांनी १९०० साली कोकेनने जांघ बधिर करून हर्निया दुरुस्त करण्यावर लेख लिहिला, कारण त्या काळी ईथरची भूल म्हाताऱ्या रुग्णांना झेपत नसे. कॅनडातलं शोल्डिस हॉस्पिटल १९४५ पासून फक्त हर्निया करतं आणि जागेवरची भूल वापरून रुग्णांना लगेच चालवतं. ज्यांच्या नावाने आज जगभर जाळीची उघड पद्धत ओळखली जाते ते लॉस एंजेलिसचे अर्विंग लिक्टेनस्टाइनही जागेवरच्याच भुलीचे पुरस्कर्ते होते.

मग आकडे काय म्हणतात?

माझ्या मते सगळ्यात स्वच्छ चाचणी स्वीडनमधली. १९९९ ते २००१ या काळात दहा हॉस्पिटलांमध्ये ६१६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तिन्ही भुलींमध्ये वाटून दिलं. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला. जागेवरची भूल घेतलेल्यांना हॉस्पिटलमध्ये कमी वेळ थांबावं लागलं, सुरुवातीला कमी दुखलं, आणि लघवीचा त्रास कमी झाला. डेन्मार्कमध्ये हेन्रिक केलेट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ओळीने एक हजार रुग्णांचा अनुभव मांडला: जागेवरची भूल, भूलतज्ज्ञ बाजूला बसलेला नाही, तरी काम नीट पार पडलं.

लघवीचं म्हणाल तर २००२ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब झाला. हर्नियानंतर लघवी तुंबण्याचं प्रमाण जागेवरच्या भुलीत हजारी ४, मणक्यातल्या भुलीत हजारी २४, पूर्ण भुलीत हजारी ३०. रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या माणसासाठी हा आकडा काही कागदावरचा नाही.

हे वाचून तुम्हाला वाटेल, झालं की, जागेवरची भूल जिंकली. मलाही तसंच वाटलं होतं. पण मग दुसरी बाजू वाचावी लागते.

स्वीडनची चाचणी छापून आली त्याच वर्षी ग्लासगोमधल्या २७९ रुग्णांची चाचणीही आली. तिथे जागेवरची आणि पूर्ण भूल यांत बरं होण्याच्या बाबतीत मोठा फरक दिसला नाही, खर्च मात्र जागेवरच्या भुलीत थोडा कमी होता. म्हणजे पूर्ण भूल चांगल्या हातांनी दिली तर ती काही राक्षस नाही. आणि डेन्मार्कच्याच नोंदींमधून आणखी एक गोष्ट पुढे आली. सर्वसाधारण हॉस्पिटलांमध्ये काही प्रकारच्या हर्नियासाठी जागेवरची भूल वापरली तेव्हा हर्निया परत होऊन पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं. जिथे हर्निया हेच रोजचं काम आहे तिथे तसं दिसलं नाही.

याचा अर्थ काय? जागेवरची भूल ही नुसती औषधाची बाटली नव्हे, ते हातांचं कसब आहे. रुग्ण जागा आहे, थोडा हलतोय, मध्येच "दुखतंय हो" म्हणतोय. अशा वेळी ज्याचा हात बसलेला नाही तो सर्जन घाई करतो, जाळी हवी तेवढी पसरत नाही, आणि त्याची किंमत रुग्ण दोन वर्षांनी मोजतो.

२०१८ साली जगभरच्या हर्निया संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही हेच आहे: आत ढकलता येणाऱ्या हर्नियाची उघड शस्त्रक्रिया असेल तर जागेवरची भूल सुचवा, पण सर्जन आणि टीमला तिचा सराव असेल तरच. आणि ६५ वर्षांवरच्या रुग्णांमध्ये मणक्यातल्या भुलीपेक्षा जागेवरची किंवा पूर्ण भूल बरी, कारण डेन्मार्कच्या नोंदींमध्ये या वयात मणक्यातल्या भुलीनंतर हृदयाचे, फुप्फुसाचे त्रास जास्त दिसले होते. इथे एक सावधगिरी हवी. नोंदींमधून निघालेला निष्कर्ष चाचणीइतका पक्का नसतो. कदाचित ज्यांची तब्येत आधीच नाजूक होती त्यांनाच मणक्यातली भूल दिली गेली असेल. असे हिशेब वाचताना हा प्रश्न नेहमी विचारायचा.

पुरावा एकीकडे, रिवाज दुसरीकडे

सूचना एवढ्या स्पष्ट असतील तर सगळे तसं करत का नाहीत? खुद्द डेन्मार्कमध्ये, जिथे यातलं बरंच संशोधन झालं, तिथे १९९८ नंतरच्या काही वर्षांत सुमारे ६३ टक्के ऑपरेशनं पूर्ण भुलीखाली झाली. मणक्यातली आणि जागेवरची, प्रत्येकी १८ टक्के.

ब्रिटनची गोष्ट जास्त नाट्यमय आहे. १३ ऑक्टोबर १९४७ ला चेस्टरफिल्डमध्ये अल्बर्ट वूली आणि सेसिल रो या दोघांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी मणक्यातली भूल दिली. दोघांचेही पाय कायमचे गेले. खटला १९५४ साली अपील कोर्टापर्यंत पोहोचला. औषधाच्या काचेच्या कुप्यांना न दिसणाऱ्या चिरा होत्या, त्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवल्या होत्या आणि फिनॉल आत झिरपलं, असं तेव्हा मानलं गेलं. पुढे काही तज्ज्ञांनी उपकरणं उकळायच्या भांड्यात राहिलेल्या आम्लाकडे बोट दाखवलं. दोष कशाचाही असो, भूल देण्याच्या पद्धतीचा नव्हता. पण पुढची कितीतरी वर्षं ब्रिटिश डॉक्टर पाठीत सुई घालायला कचरत होते. मणक्यातली भूल इथे परत रुळली ती बऱ्याच उशिरा.

महाराष्ट्रात उलटं झालं. तालुक्याच्या गावी भुलीचं यंत्र, गॅसचे सिलिंडर, पूर्णवेळ भूलतज्ज्ञ हे सगळं जमवणं कठीण. मणक्यातल्या भुलीला एक सुई आणि एक छोटी कुपी पुरते, आणि सिझेरियनपासून हर्नियापर्यंत सगळं निभावतं. डॉक्टरांच्या पिढ्या तिच्यावर तयार झाल्या, हात बसला, आणि मग तीच पद्धत झाली. म्हणजे बाबांना पाठीत इंजेक्शन आणि एखाद्या बेसिंगस्टोककराला पूर्ण भूल, यात त्यांच्या शरीरांपेक्षा त्या त्या जागेच्या इतिहासाचा वाटा मोठा आहे.

इथे मला आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगायचीच आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी पाहिलं की हर्नियाची परदेशी जाळी गरीब रुग्णाला परवडत नाही. त्यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं, निर्जंतुक केलं आणि तेच जाळी म्हणून वापरलं. इतर गावांतल्या सर्जनना सोबत घेऊन केलेल्या कामाचा अहवाल २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त आला. तीच कल्पना आफ्रिकेत गेली. २०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरची चाचणी छापून आली: मच्छरदाणीची जाळी विरुद्ध महागडी जाळी. वर्षभरानंतर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही. आणि ती ऑपरेशनं कोणत्या भुलीखाली झाली? जागेवरच्या. स्वस्त जाळीने एक खर्च कमी केला, जागेवरच्या भुलीने यंत्राची आणि मुक्कामाची गरज कमी केली. दोंडाईच्यात सुरू झालेला विचार जगातल्या सगळ्यात मानाच्या वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचला. हे वाचलं तेव्हा मी आईला फोन केला. आई म्हणाली, "दोंडाईच्याचे? मग बाबांचं तिकडेच केलं असतं."

मग बाबांचं काय झालं?

कबूल करते, मी सुरुवातीला आगाऊपणा केला. स्वीडनची चाचणी, २०१८ च्या सूचना, सगळं हाताशी घेऊन सर्जनना फोन लावला आणि सांगितलं की बाबांना जागेवरची भूल द्या. वय ६९, छाती कमजोर म्हणून पूर्ण भूल नको, प्रोस्टेट आहे म्हणून मणक्यातली नको. कागदावर उत्तर अगदी नेमकं होतं.

सर्जननी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. पण मी वर्षाला हर्निया भरपूर करतो आणि त्यातले जागेवरच्या भुलीत तीन-चार. तुमच्या वडिलांवर मी सराव करावा असं तुम्हाला वाटतं का?"

मी गप्प झाले. डेन्मार्कच्या नोंदींमध्ये आकड्यांनी जे सांगितलं होतं, तेच हा माणूस प्रामाणिकपणे स्वतःबद्दल सांगत होता. सगळेच सांगत नाहीत.

आमच्यापुढे दोन पर्याय होते. जागेवरच्या भुलीचा रोजचा सराव असलेला सर्जन शोधून बाबांना दुसऱ्या शहरात न्यायचं, किंवा इथेच मणक्यातली भूल घ्यायची आणि तिचे धोके आधीच धरून चालायचं. बाबांनीच निर्णय घेतला. "मला ओळखीच्या डॉक्टरांकडेच करायचंय, आणि रात्री तुझी आई जवळ पाहिजे." मी माझ्या तक्त्यात हा रकाना धरलाच नव्हता. मग भूलतज्ज्ञांशी बोलणं झालं. ते म्हणाले, डोस कमी ठेवू, सलाइन बेताचं देऊ, आणि रात्री लघवीवर लक्ष ठेवायला सिस्टरांना सांगून ठेवतो.

ऑपरेशन पन्नास मिनिटांत झालं. रात्री दहापर्यंत बाबांना लघवी झाली नाही, पोट दुखायला लागलं. आईने लगेच सिस्टरांना बोलावलं, कारण असं होऊ शकतं हे तिला ठाऊक होतं. नळी घातली, दुसऱ्या दिवशी दुपारी काढली, आणि मग सगळं सुरळीत झालं. हजारी २४ मधले एक आमचे बाबा. त्या वयात आणि प्रोस्टेट असताना शक्यता त्याहून बरीच जास्त होती, हेही खरं.

हे माझं चुकलं का? मी बराच विचार केला. जागेवरच्या भुलीत बहुधा नळी लागली नसती. पण सराव नसलेल्या हातात जाळी नीट बसली नसती, तर वर्षभराने पुन्हा ऑपरेशन. एका रात्रीची नळी आणि दुसरं ऑपरेशन यांत मी आजही नळीच निवडेन. आणि त्या रात्री आई घाबरली नाही, ही आमच्या तयारीची खरी कमाई.

तुम्ही काय विचाराल?

तुमच्यावर वेळ येईल तेव्हा, स्वतःसाठी असो वा घरच्यांसाठी, "सगळ्यात चांगली भूल कोणती?" हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर नाही. त्याऐवजी हे विचारा:

१. ऑपरेशन उघड की दुर्बिणीने? दुर्बिणीने असेल तर बहुधा पूर्ण भूल, आणि मग बोलायचं ते छाती, हृदय, मळमळ यांबद्दल.

२. उघड असेल तर जागेवरची भूल शक्य आहे का? आणि लगेच पुढचा प्रश्न: तुम्ही ती किती वेळा वापरता? "क्वचित" असं उत्तर आलं तर हट्ट धरू नका. एक तर सराव असलेला सर्जन शोधा, नाही तर त्यांच्या हातातली पद्धत घ्या.

३. रुग्णाला प्रोस्टेटचा त्रास आहे का, आणि लघवी तुंबली तर काय कराल?

४. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? मणक्यातल्या भुलीआधी काही गोळ्या ठरावीक दिवस थांबवाव्या लागतात. पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

५. रुग्णाला स्वतःला काय हवंय? काहींना जागं राहणं नकोसं होतं, काहींना झोपेची भीती वाटते. लहान मुलं, खूप घाबरणारी माणसं, खूप मोठा किंवा आत न जाणारा हर्निया, यांच्यासाठी जागेवरची भूल सहसा नाहीच.

आणि एक गोष्ट भुलीच्या पलीकडची. फुगवटा अचानक कडक झाला, आत जाईनासा झाला, दुखू लागलं, उलट्या झाल्या, तर प्रश्नांची यादी बाजूला ठेवा आणि ताबडतोब हॉस्पिटल गाठा. आतडं अडकलेलं असू शकतं.

आपण इतक्या दूर बसून घरच्यांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्या हातात गूगल आणि फोन एवढंच असतं. मग आपण पेपर वाचतो आणि त्यातलं उत्तर घरी लादायला बघतो. मीही तेच केलं. पण पेपर सरासरी रुग्णाबद्दल सांगतो, सरासरी सर्जनबद्दल सांगतो. बाबा सरासरी नाहीत आणि त्यांचे सर्जनही नाहीत. पेपर वाचून आपल्याला नेमके प्रश्न सापडतात. उत्तरं मात्र टेबलाजवळ उभ्या असलेल्या माणसांकडूनच घ्यावी लागतात.

मित्राचंही ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी घरी सोडताना तो गाडीत अर्धवट गुंगीत होता आणि मला दोनदा विचारलं, "झालं का सुरू?" बाबा परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "आता डाव्या बाजूलाही काहीतरी वाटतंय." आणि या वेळी त्यांनी ते दोन वर्षं नाही, दोन दिवसांत सांगितलं.